साहेबांचा हात खाली आला नाही

आमचे साहेब राज्यपाल झाल्याची बातमी टीव्हीवर आली, त्या दिवशी मी इंदूरच्या आमच्या सुदामा नगरात असे पेढे वाटले की मागच्या गल्लीतल्या एक बाई घरी येऊन विचारून गेल्या, "नातू झाला का हो?" मी म्हटलं, "नातू नाही, राज्यपाल झाला." बाईंनी पेढा हातातच धरला आणि आमच्या हिच्याकडे बघितलं. आमची ही म्हणाली, "यांचे साहेब होते ना फौजेत, ते." मग बाईंनी पेढा खाल्ला.

आता साहेबांची मुदत संपलीय. ते महूला आपल्या बंगल्यात परत आलेत आणि गुलाबांना पाणी घालतात. हे लिहितोय असं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "लिही, सगळं लिही, पण मला शहाणा दाखवू नकोस." त्यांनी ती चिंता करायचं कारण नाही. मी जन्मभर खटपट करून स्वतःला शहाणा दाखवू शकलो नाही, तर त्यांना कुठून दाखवणार?

शिक्षण माझं चौथी. पाचवीचा वर्ग मला आठवतो, पण पाचवीला मी आठवत नसेन. घराणं मात्र मोठं. संस्थानच्या काळात आमचे पणजोबा राजवाड्याच्या दारावर भाला घेऊन उभे राहायचे. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेली की माझ्या लहानपणापर्यंत पणजोबा सरदार झाले होते, आणि मी सांगायला लागलो तेव्हा त्यांना घोडाही मिळाला. साहेबही इंदूरचेच मराठी. त्यांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात मोठ्या हुद्द्यावर. म्हणजे त्यांचे आत खुर्चीवर आणि आमचे बाहेर दारात. पुढे फौजेत आम्ही भेटलो तेव्हाही हीच व्यवस्था कायम राहिली.

फौजेत अधिकाऱ्याची वर्दी, बूट, चहा, सामान बघणाऱ्या जवानाला सहायक म्हणतात. आमच्या वेळी ऑर्डर्ली म्हणायचे. मी सुट्टीवर इंदूरला आलो की "साहेबांचा राइट हँड" म्हणायचो. साहेब तेव्हा कॅप्टन होते आणि त्यांची मिशी नवीन होती. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "चहात साखर नको." मला ते पटलं नाही. परेड करणाऱ्या माणसाला ताकद लागते. मी साखर घातली. त्यांनी घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि कप रिकामा केला. दुसऱ्या दिवशीही घातली. आजही ते दोन चमचे साखर घेतात. देशाच्या संरक्षणात माझा वाटा किती, असं कुणी विचारलं तर तो एवढा.

मेजर झाले तेव्हा आम्ही बर्फात होतो. तिथे बूट चमकवायचे नसतात, शेकोटीजवळ धरून मऊ करायचे असतात. मी एकदा जास्त जवळ धरला. साहेबांनी उरलेला हिवाळा डाव्या पायात एका मद्रासी हवालदाराचा बूट घालून काढला आणि गस्तीला जाताना दर वेळी मला सांगून जायचे, "आज उजव्या पायाने मी जातोय, डाव्याने हवालदार." कर्नल झाले तेव्हा जीपवर झेंडा लागला. ब्रिगेडियर झाले तेव्हा गाडीवर एक तारा आला, मग दोन आले. तारे वाढत गेले तशी आमच्या दोघांच्या मध्ये माणसंही वाढत गेली. चहा मी करायचो, पण नेऊन द्यायला दुसरा, आणि कप परत आणायला तिसरा. बदल्या झाल्या, मधे दुसरेही सहायक येऊन गेले, पण फिरून फिरून साहेब मलाच मागून घ्यायचे.

मी मात्र नाईकचा नाईक राहिलो. हवालदार व्हायला नकाशा वाचायची परीक्षा होती. नकाशात उत्तर दिशा वर असते असं शिकवणारे म्हणायचे. मला ते मान्य नव्हतं. मी उभा असेन तिथून उत्तर जर पाठीमागे असेल, तर ती वर कशी? मी हा प्रश्न परीक्षेतही विचारला. साहेबांचा तिसरा तारा लागला तेव्हा मी निवृत्त होऊन इंदूरच्या पलासिया भागात एका कोचिंग क्लासच्या दारावर पहाऱ्याला होतो. पणजोबांसारखाच. भाल्याऐवजी शिट्टी होती आणि घोडा म्हणाल तर मुलांच्या स्कूटरी, त्या मी रांगेत लावायचो.

साहेब निवृत्त होऊन महूला राहायला आले. मी अधूनमधून बसने जायचो, आम्ही व्हरांड्यात बसायचो, दोघंही फारसं बोलायचो नाही. आणि मग हे राज्यपालाचं आलं. समुद्राकाठचं एक लांबचं राज्य. निघायच्या दिवशी मी बंगल्यावर गेलो. गाडीत बसताना साहेब म्हणाले, "जरा बस्तान बसू दे तिथे. मग तुला बोलावून घेतो."

एवढं एक वाक्य. मी ते बसमध्येच कंडक्टरला सांगितलं. घरी पोचेपर्यंत त्याचं "मला राजभवनात पोस्टिंग मिळालं" असं झालं होतं. फौजेची काळी पेटी माळ्यावरून उतरवली आणि तिला नवा रंग दिला. आमची ही म्हणाली, "अहो, बोलावणं तर येऊ द्या. रंगाला काय घाई?" मी म्हटलं, "फौजी माणूस तयार असतो."

तयार असून ऋतू उलटले. गल्लीतले विचारायचे, "क्यों भिया, अभी तक गए नहीं?" मी सांगायचो, "फाइल चालू आहे." राजभवनाला फोन लावला की एक गोड आवाजाचा मुलगा इंग्रजीत माझं नाव विचारायचा, मग हिंदीत विचारायचा, आणि मग "बता दूँगा सर" म्हणायचा. मला सर म्हणणारा माणूस माझं काम करणार नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मला जायचं होतं. पगाराचा प्रश्न नव्हता, पेन्शन आहे. पण कोचिंग क्लासवाल्यांनी दारावर कॅमेरा लावून मला घरी बसवलं होतं, आणि घरात माझ्याकडे काम एकच: दूध उतू जाऊ न देणं. तेही जायचं. कुणाला तरी माझी गरज आहे, आणि तो कुणी साधासुधा नाही, हे मला मरायच्या आधी एकदा गल्लीला दाखवायचं होतं. आता खरं तेच लिहायला बसलोय तर हे लिहिलंच पाहिजे.

अशात बातमी आली की साहेब इंदूरला येणार. आमच्या भागातल्या बगीच्यात शहीद जवानांचं स्मारक बांधलं होतं, त्याचं अनावरण त्यांच्या हस्ते. पुढाकार आमच्या मराठी मंडळाचा. मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे माझे शेजारी, मराठी शाळेतून रिटायर झालेले मास्तर. महूपासून मानपूरपर्यंतचे माजी सैनिक पदकं लावून संचलन करणार आणि साहेब मंचावरून मानवंदना घेणार, असं ठरलं. मी मास्तरांना म्हटलं, "साहेबांचं सगळं माझ्याकडे द्या." मास्तर म्हणाले, "भिया, त्यांच्याबरोबर कलेक्टर आहे, पोलीस आहेत, त्यांचे स्वतःचे एडीसी आहेत. तुमच्याकडे काय देऊ? सतरंज्या देऊ का?"

साहेब आदल्या दिवशीच रेसिडेन्सीवर, म्हणजे सरकारी पाहुण्यांच्या कोठीवर, उतरले. फाटकावर माझं नाव यादीत नव्हतं. मी तिथेच ठाण मांडलं. पोलीस म्हणाला, "दादा, रस्ता मोकळा करा." मी म्हटलं, "मी बर्फात उभा राहिलोय, हे तर ऊन आहे." शेवटी एक उंच तरुण कॅप्टन बाहेर आला, गोड आवाजाचा, तोच फोनवरचा, साहेबांच्या दिमतीचा एडीसी. मला आत घेऊन गेला.

साहेब मोठ्या सोफ्याच्या एका कोपऱ्यात बसले होते. पांढरा बंद गळ्याचा कोट, केस पूर्ण पिकलेले. चहा आला, तर एकाने ट्रे धरला, दुसऱ्याने ओतला, तिसऱ्याने साखर विचारली. साहेब त्याला म्हणाले, "साखर त्याला विचार," आणि माझ्याकडे बोट केलं. सगळे बाहेर गेल्यावर मी विचारलं, "साहेब, कसं चाललंय राज्य?"

"राज्य मुख्यमंत्री चालवतात. मी उभा राहतो."

"म्हणजे?"

"म्हणजे उभा राहतो. रिबन असेल तिथे कापतो. सही करायची तिथे आधीच पेन्सिलने फुली मारलेली असते. शपथ घेणारे वाचून घेतात, मी वाचून देतो. अभिभाषणात 'माझं सरकार' म्हणतो, आणि त्यातली एक ओळ बदलायला गेलो तर सगळे असे घाबरतात की जणू मी तोफ आणलीय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "उस्ताद, माझ्या मागे चालणारी माणसं फौजेपेक्षा जास्त आहेत. पण 'दाहिने मुड' म्हटलं तर एकही वळणार नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग म्हणाले, "उद्याचंच बघ. आपली म्हातारी पोरं समोरून सॅल्यूट करत जाणार, आणि मी? डोकं उघडं. हात खाली ठेवून पुतळ्यासारखा उभा."

जो फौजेत नव्हता त्याला हे कळणार नाही, म्हणून सांगतो. आपल्या फौजेत डोक्यावर टोपी किंवा पगडी नसेल तर हाताने सॅल्यूट करत नाहीत, नुसतं सावधान उभं राहतात. मी भरतीनंतर पहिल्याच आठवड्यात न्हाणीतून ओल्या डोक्याने एका सुभेदारांना कडक सॅल्यूट ठोकला होता आणि मैदानाला इतक्या फेऱ्या मारल्या होत्या की डोकं पुन्हा ओलं झालं. साध्या कपड्यातल्या राज्यपालांपैकी कुणी तसाच हात उचलतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. पण आमचे साहेब नियमाचे. उघड्या डोक्याने हात उचलायचा नाही म्हणजे नाही. आणि समोरून त्यांचीच माणसं जाणार होती.

माझ्या डोक्यात उजेड पडला. "साहेब, फेटा बांधा!"

"फेटा?"

"इंदूरचा माणूस आहात. फेटा म्हणजे डोकं झाकलेलं. मग सॅल्यूट करा की बिनधास्त."

साहेबांनी केसांवरून हात फिरवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते जुने कॅप्टन दिसायला लागले. "बांधणार कोण?"

"मी आहे ना."

"येतो तुला?"

"साहेब, रक्तात आहे," मी म्हटलं.

रक्तात असेल. हातात नव्हता. जन्मात मी एकही फेटा बांधला नव्हता. आमच्याकडच्या लग्नांत फेटे बांधणारा माणूस यायचा, तो पुढे डोकं कर म्हणाला की मी करायचो, एवढाच अनुभव. पण मी बाहेर पडलो तो या हिशेबात की उद्या साहेब फेटा घालून सॅल्यूट करतील, लोक विचारतील कुणी बांधला, आणि साहेब तिथल्या तिथे म्हणतील, "याला मी बरोबर नेतोय." पेटी तयारच होती.

मास्तरांनी मंडळातर्फे सत्कारासाठी शिवलेला तयार फेटा आणून ठेवला होता, टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा. मी तो बघून म्हटलं, "हे काय टोपलं? राज्यपालाच्या डोक्यावर हे? लांब कापड आणा. माझे पणजोबा—"

"घोडेवाले ना, माहिती आहे," मास्तर म्हणाले, आणि कंटाळून कापड घेऊन आले. भगवं, मऊ सुती, सुंदर.

ते मऊपण बघून मला राग आला. राज्यपालाच्या डोक्यावर हे लोंबणार? आयुष्यभर मी साहेबांच्या वर्दीला कलफ केला, म्हणजे खळ. असा कलफ की पँट भिंतीला टेकवून ठेवली तर उभी राहायची. मी साबुदाणा शिजवला, गाळला, आणि तो सगळा लांब फेटा बादलीत बुडवला. दोनदा. मग वाळवून कडक इस्त्री.

आमची ही दारात उभी राहून बघत होती. "अहो, फेट्याला इतका कलफ कोण करतं? पेच बसायचे कसे?"

"तुला काय कळतं वर्दीतलं?"

"वर्दीतलं नाही कळत. पण माझी कडक साडी दिवसभर खांद्यावरून घसरते, एवढं कळतं."

मी इस्त्री आणखी गरम केली. मास्तरांना बोलावून त्यांच्या डोक्यावर सराव केला. फेटा बांबूच्या चटईसारखा वाजत होता. एक पेच ओढला की आधीचा सुटायचा, म्हणून मी आणखी जोरात ओढला.

"भिया, हौले से! डोकं आहे, गॅसची टंकी नाही."

"हलू नका."

"मी कुठे हलतोय, कानच हलत नाहीयेत आता!"

शेवटी बसला. आरशात मास्तर खरंच सरदार दिसत होते. ते खुर्चीवरून उठले आणि फेटा अख्खा, एखाद्या ताटासारखा, घरंगळून दिवाणाखाली गेला. मास्तर म्हणाले, "अजून टोपलं माझ्याकडेच आहे बरं का, बघा." मी म्हटलं, "तुमच्या डोक्याचा आकार चुकीचा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेसिडेन्सीवर मी साहेबांच्या डोक्यावर फेटा बांधला. एडीसी बाजूला उभा राहून बघत होता आणि काही बोलत नव्हता, म्हणजे त्याला काहीतरी बोलायचं होतं. शेवटचं टोक मी आत खोचलं, तुरा उभा केला, दोन पावलं मागे झालो. काय रूप होतं! मी सुद्धा क्षणभर सावधान झालो. साहेब आरशात बघून म्हणाले, "उस्ताद, आजोबा आठवले." माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटलं. खोटं नाही, ते बटण आमच्या हिनेच नंतर लावलं.

बगीचा खच्चून भरला होता. मला मंचाच्या पायऱ्यांजवळ जागा मिळाली. साहेब उभे राहिले, पोलीस बँड वाजायला लागला आणि माजी सैनिक निघाले. कुणाच्या हातात काठी, कुणाचा कोट आता पोटावर बसत नव्हता, एक तर व्हीलचेअरवर होता आणि मुलगी ढकलत होती. पण टोपी सगळ्यांच्या डोक्यावर आणि पदकं सगळ्यांची चकचकीत. पहिली ओळ मंचासमोर आली, "दाहिने देख!" झालं, माना वळल्या, हात उठले. आणि साहेबांचा हात उठला.

तो हात मी वर्षानुवर्षे बघितलाय. भुवईजवळ जातो आणि थांबतो, जसा कुणी तिथे खिळा मारून ठेवलाय. बगीच्यात टाळ्यांचा गडगडाट झाला. मी मास्तरांकडे बघितलं. आणि पुन्हा साहेबांकडे बघितलं तर फेटा उजव्या भुवईवर एक बोटभर खाली आला होता.

कलफाचा तो गोल, कडक, एका तुकड्यात, उजवीकडे घसरत होता. साहेबांचा हात तिथेच होता. त्यांनी बोटं जरा वर केली आणि फेट्याची कड दाबून धरली. पहिली ओळ पुढे गेली. आता हात खाली यायला हवा होता. आला नाही. दुसरी ओळ आली, गेली. हात तिथेच. तिसरी. व्हीलचेअरवाला समोर आला, त्याने साहेबांचा तो न हलणारा हात बघितला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारी एक बाई म्हणाल्या, "देखो, एक-एक जवान के लिए खड़े हैं." मागून कुणीतरी घोषणा दिली. सगळा बगीचा उभा राहिला. साहेबांचा हात थरथरायला लागला होता. लोकांना वाटलं भावनेने. मला माहीत होतं, फेट्याच्या वजनाने. साबुदाण्याचं वजन असतं.

राष्ट्रगीत झालं, तेही त्याच सॅल्यूटमध्ये. मग अनावरण. साहेबांनी डाव्या हाताने दोरी ओढली. मग मास्तर शाल-श्रीफळ घेऊन पुढे आले, आणि साहेबांनी नारळासाठी डावा हात पुढे केला. मास्तरांचा चेहरा पडला, इतका धार्मिक माणूस. एडीसीने झटकन पुढे होऊन नारळ घेतला. भाषणासाठी माइक आला तेव्हा साहेब म्हणाले, "आज भाषण नाही. आज फक्त सलाम." आणि हात तसाच ठेवून पायऱ्या उतरले, गाडीत बसले. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की असा राज्यपाल होणे नाही. पेपरवाल्यांनी फेट्याचाही उल्लेख केला होता, "मालवी आन-बान-शान" म्हणून.

मी रेसिडेन्सीवर पोचलो तेव्हा साहेब त्याच सोफ्यावर होते. फेटा समोरच्या टेबलावर, तसाच गोल, पेचासकट, एखाद्या केकसारखा. एडीसी दाराजवळ उभा होता. साहेब खांदा चोळत होते.

"काय आहे हे?"

"फेटा, साहेब."

"वाजतोय कसा?" त्यांनी टिचकी मारली. खरंच वाजला.

"कलफ, साहेब."

"फेट्याला कलफ?"

"वर्दीसारखा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग फेट्याकडे, आणि ते असे हसायला लागले की एडीसी दोन पावलं पुढे आला. हसता हसता त्यांना खोकला लागला. "आयुष्यात एवढा लांब सॅल्यूट मी राष्ट्रपतींनाही दिला नाही! खाली आणला असता तर राज्याचं डोकं पायरीवरून घरंगळत गेलं असतं!" मीही हसलो. पोट दुखेपर्यंत. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदा सोबत असे हसलो.

मग त्यांनी डोळे पुसले आणि एडीसीला म्हणाले, "कॅप्टन, याला मी बरोबर नेतोय."

माझ्या कानांनी ते वाक्य ऐकलं. ज्यासाठी मी कलफ केला, मास्तरांचे कान दाबले, ते वाक्य.

एडीसी इंग्रजीत बोलला. हळू, आदबीने. पण फौजेतलं इंग्रजी मला समजतं. पोस्ट सँक्शन नाही. वयाची मर्यादा. पोलीस व्हेरिफिकेशन. "सर, मी मागेही दोनदा पाठवलं होतं. गृहखात्याने परत केलं."

"मग तिसऱ्यांदा पाठव. माझा माणूस आहे."

"यस सर. पाठवतो, सर." त्या 'यस'मध्ये काही नव्हतं. साहेबांनाही ते ऐकू आलं. ते म्हणाले, "मी स्वतः बोलू का मुख्य सचिवांशी?" आणि एडीसी म्हणाला, "सर, ते बरं दिसणार नाही."

या माणसाच्या एका फोनवर मी रात्रीतून डोंगर चढणाऱ्या पलटणी बघितल्या होत्या. आणि आता ते मुलाच्या वयाच्या कॅप्टनकडे असं बघत होते, जसं मी रेसिडेन्सीच्या फाटकावर पोलिसाकडे बघत होतो. म्हणजे त्यांनी दोनदा विचारलं होतं. मला काही कळवलं नव्हतं, कारण काय कळवणार? आता ते माझ्याकडे वळणार होते आणि मला काहीतरी सांगणार होते. जे सांगायचं ते त्यांना सांगता येणार नव्हतं, हे मला दिसत होतं.

मी म्हटलं, "साहेब, एक विचारायचं होतं. रागावणार नाही ना?"

"बोल."

"मला यायचं नाहीये. कालपासून सांगायचं होतं, धीर होत नव्हता. तिकडची थंडी मला नाही मानवणार या वयात."

एडीसीने माझ्याकडे बघितलं. ते राज्य समुद्राकाठी आहे, हे मी आधीच सांगितलंय. तिथे माघातही पंखा लागतो.

साहेबांनी टेबलावरचा फेटा जरा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "हो. थंडी फार असते तिकडे." आणि एडीसीला म्हणाले, "फाइल पाठवू नका. याची इच्छा नाही." ते त्यांनी हुकमाच्या आवाजात सांगितलं, आणि या वेळी एडीसीचं "यस सर" खरं होतं.

घरी आलो. आमची ही दारातच होती. मास्तर आणि गल्लीतली चार माणसं आधीच बसलेली. "काय झालं?" सगळ्यांच्या तोंडावर एकच.

"त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, बरोबर नेतो. मीच नाही म्हणालो."

मास्तरांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि अगदी मायेने म्हणाले, "हो भिया, तुम्हीच नाही म्हणालात." एकजण म्हणाला, "अब इस उमर में जाना भी क्या." दुसऱ्याने विषय बदलून मटाराच्या भावावर नेला. मी सांगत राहिलो, शपथ घातली, आवाज चढवला. जेवढा चढवला तेवढे ते जास्त मायेने मान डोलवायला लागले. पणजोबांचा घोडा या लोकांनी वर्षानुवर्षे मान्य केला होता, पोस्टिंगही मान्य केलं होतं. आणि ही गोष्ट, ज्यात एक अक्षर मी वाढवलं नव्हतं, तिला कुणी हात लावायला तयार नव्हतं.

सगळे गेल्यावर आमची ही भाजी निवडायला बसली. अर्धी जुडी निवडून झाली. मग खाली बघतच म्हणाली, "खरंच तुम्हीच नाही म्हणालात?"

"हो."

"का पण? एवढं जायचं होतं तुम्हाला."

साहेबांना एक माणूस सुद्धा ठेवून घेता येत नाही, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. म्हटलं, "थंडी आहे तिकडे."

"कुठे? टीव्हीवर दाखवतात ना, तिथली माणसं उघडी बसलेली असतात, घाम पुसत."

"थंडीच आहे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग पुन्हा भाजीकडे वळून म्हणाली, "असेल." मी मात्र ती समुद्राकाठची थंडी साहेबांची मुदत संपेपर्यंत सोडली नाही, आणि गल्लीत कुणी विचारलं तर वर सांगायचो की तिथे पहाटे धुकंही पडतं.